बोल्ट-ॲक्शन रायफलचा ट्रिगर हलका करायचाय? स्प्रिंगला हात लावा, सिअरला नको

रेंजवर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "ताई, ट्रिगर फार जड आहे, हलका करून द्या." जड म्हणजे किती, असं विचारलं की सगळे गप्प. वजन कुणी मोजलेलंच नसतं. मोजून पाहिलं तर आकडा बरेचदा ठीक निघतो. खरं दुखणं असतं ते ट्रिगर रखडत सुटण्याचं. सव्वा किलोचा, पण एका जागी कट्कन सुटणारा ट्रिगर बोटाला हलका वाटतो. आठशे ग्रॅमचा, पण मध्येच अडखळणारा ट्रिगर जड वाटतो आणि नेम हलवतो.

म्हणून आधी आत काय चालतं ते बघा. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, चालवला की फायरिंग पिनवरची, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणाऱ्या सळईवरची, दणकट स्प्रिंग दाबलेली राहते. ती पिन पुढे सुटू नये म्हणून सिअर नावाचा छोटा पोलादी तुकडा तिला अडवतो आणि त्या सिअरला ट्रिगरची कड खालून टेकू देते. या दोन कडा एकमेकींवर मिलिमीटरच्या काही अंशाइतक्याच टेकलेल्या असतात. चाप, म्हणजे ट्रिगरच, ओढताना तुमचं बोट दोन गोष्टींशी झगडतं: ट्रिगरला पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग आणि त्या दोन कडांमधलं घर्षण. स्प्रिंगचा ताण थोडा कमी केला तर वजन उतरतं आणि कडांची पकड जशीच्या तशी राहते. पकडच कमी केली तर वजनही उतरतं, पण रायफल कशावर थांबलेली आहे ते सांगता येत नाही.

समायोजन करता येणाऱ्या ट्रिगरला साधारण तीन गोष्टी असतात: ताण, पकड आणि सुटल्यानंतर ट्रिगर मागे किती जातो ती चाल. रेमिंग्टन 700 च्या जुन्या, वॉकर या अभियंत्याने बनवलेल्या ट्रिगरला तीन स्क्रू दिसतात. पुढचा खालचा ताणाचा, पुढचा वरचा चालीचा आणि मागचा एकटा पकडीचा. तो मागचा तुमच्यासाठी नाहीच असं समजा. टिक्का टी 3 चा ट्रिगर मला याच कारणासाठी आवडतो: एकच स्क्रू, तोही ताणाचा, आणि मर्यादा साधारण एक ते दोन किलो. बिघडवायला फार वावच ठेवलेला नाही. सॅव्हेजच्या ॲक्युट्रिगरमध्ये ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पाते असते. ते बोटाने दाबलेलं नसताना धक्क्याने सिअर सुटला तरी पात्यावर अडतो आणि बोल्ट पुन्हा चालवल्याशिवाय रायफल उडत नाही. त्याचा ताण सोबत मिळणाऱ्या हत्यारानेच बदलायचा, पकडीला हात लावायचा नाही. तुमच्या मॉडेलची पुस्तिका काढा आणि त्यात हात लावायची परवानगी कोणत्या स्क्रूला आहे ते वाचा. काही ठिकाणी हे काम परवानाधारक गनस्मिथनेच करायचं असा नियम आहे आणि काही कंपन्या स्क्रूवरचं सील तुटलं की वॉरंटी नाकारतात. हेही आधीच पाहून घ्या.

काम सुरू करण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. काडतुसं त्या खोलीतून बाहेर ठेवा. नळी सुरक्षित दिशेला. पुढे ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या रायफलचा चाप ओढणं, बरंच करायचं आहे, त्यासाठी डमी काडतूस वापरा. .22 रिमफायर (जिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते) असेल तर डमीशिवाय ड्राय फायर करूच नका. त्यात पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते.

आता मोजणी. ट्रिगर गेज असेल तर उत्तम. नसेल तर प्लास्टिकची बाटली आणि तारेचा आकडा पुरतो. रायफल कॉक करा (बोल्ट चालवून पिनची स्प्रिंग दाबा), सेफ्टी काढा, नळी सरळ वर धरा आणि आकडा ट्रिगरच्या मध्यभागी, रोज बोट टेकतं तिथे अडकवा. बाटली टेबलावर उभी ठेवून रायफल हळूच वर उचला. बाटली उचलली गेली आणि पिन सुटली नाही तर थोडं पाणी घाला आणि पुन्हा उचला. सुटली की बाटली, पाणी, आकडा सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, स्पर्धांतही वजन असंच उचलून तपासतात. तिथे 300 मीटर स्टँडर्ड रायफलला किमान 1500 ग्रॅम लागतात, 10 मीटर एअर पिस्तुलाला 500, आणि 10 मीटर एअर रायफलला खालची मर्यादाच नाही. एकदाच मोजून थांबू नका. आकडे एकमेकांपासून फार लांब येत असतील तर तो ताणाचा दोष नाही. आत कचरा आहे किंवा काहीतरी घासतंय.

स्क्रूला हात लावण्याआधी हे घासणं शोधायचं असतं, आणि हीच पायरी लोक गाळतात. नळी साफ करताना सॉल्व्हंट मागे ओघळून ट्रिगरमध्ये जातो. त्यावर कुणीतरी हौसेने तेल ओतलेलं असतं. दोन्ही मिळून डिंकासारखा चिकट थर होतो आणि थंडीत तो आणखी घट्ट होतो. कुंद्यातून ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर बसवलेला धातूचा भाग, बाहेर काढा, ट्रिगरच्या यंत्रणेत लायटर फ्लुइड सोडा, चाप चालवत राहा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. लायटर फ्लुइड भडकतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको. नंतर तेल नको, ग्रीस तर मुळीच नको. पुढच्या वेळी नळी साफ करताना बोअर गाइड, म्हणजे सॉल्व्हंट मागे ओघळू न देणारी पोकळ दांडी, लावा. मग कुंद्याची खाच आणि ट्रिगर गार्डची फट बघा. लाकूड फुगून किंवा स्क्रू वेडेवाकडे आवळून ट्रिगर बाजूला टेकत असेल तर तिथे चकाकणारी रेघ उमटलेली दिसते. एवढं करून परत मोजा. अनेकांचं काम इथेच संपतं.

अजूनही जड असेल तर ताणाचा स्क्रू. सुरुवातीची जागा लिहून ठेवा आणि शक्य असेल तर फोटो काढा. सील असेल तर त्याचे कण आत पडू न देता खरवडा. एका वेळी पाव फेरा सैल करा, मग मोजा. पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादेला पोचलात की थांबा. स्क्रू अगदी सैल करायचा नाही, कारण तीच स्प्रिंग ट्रिगरला सिअरखाली परत आणून बसवते. ती कमजोर झाली तर बोल्ट बंद करताना ट्रिगर जागेवर पोचलेलाच नसतो. स्प्रिंगचे वेढे कापून टाकायचा सल्ला देणारे याच ठिकाणी फसवतात.

किती हलका? शिकारीच्या, खांद्यावर फिरणाऱ्या रायफलला मी दीड किलोच्या खाली जाऊ देत नाही. हातमोजे घातलेल्या गारठलेल्या बोटाला त्याहून कमी कळतच नाही. बेंचवरून कागदावर मारायच्या रायफलला, ट्रिगर त्यासाठीच बनवलेला असेल तर, आठशे-हजार ग्रॅम पुष्कळ झाले.

सिअरच्या कडा दगडावर घासून "पॉलिश" करण्याबद्दल मला रोज विचारतात. नाही. बऱ्याच ट्रिगरांत त्या कडांवर कडक केलेला पातळ थर असतो आणि खाली मऊ पोलाद. थर घासला गेला की ट्रिगर काही दिवस लोण्यासारखा सुटतो. मग मऊ पोलाद झिजायला लागतं, कोन बदलतो आणि शेवटी बोल्ट बंद करतानाच रायफल उडते. जुन्या लष्करी माउझर 98 चा दोन टप्प्यांचा ट्रिगर तर कानशीने "सुधारू" नकाच. पहिला लांब टप्पा पकड हळूहळू कमी करण्यासाठीच आहे. तोपर्यंत सिअर भरपूर खोल बसलेला असतो आणि आपटलेली रायफल त्यामुळेच शांत राहते. तिथे नवा, पूर्ण तयार ट्रिगर बसवून घेतलेला बरा.

आता चाचण्या. कुंदा परत बसवून, स्क्रू नेहमीइतके आवळूनच करायच्या. रायफल रिकामी आहे हे पुन्हा बघा.

बोल्ट जितक्या रागाने आदळता येईल तितक्या रागाने बंद करा, मग चाप ओढा. टक्क आवाज आला पाहिजे. आला नाही तर पिन आधीच पडलेली आहे. हे पुष्कळदा करा, कंटाळा येईपर्यंत.

कॉक करून, सेफ्टी काढून, कुंद्याची टाच वीतभर उंचीवरून जाड रबरी चटईवर आपटा. मग रबरी हातोडीने कुंद्याच्या दोन्ही बाजूंना आणि खालून ठोका. बोल्टचा दांडा हलवून बघा.

सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, बोट काढा, आणि मग सेफ्टी काढा. पिन पडता कामा नये. ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची, कारण सेफ्टीखाली ओढलेला ट्रिगर परत जागेवर आला नसेल तर सेफ्टी काढण्याच्या क्षणी गोळी सुटते, आणि त्या वेळी नळी कुठे असेल कुणास ठाऊक.

एकदाही नको तेव्हा पिन पडली तर स्क्रू अर्धा फेरा आवळा आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. तरीही पडली तर रायफल गनस्मिथकडे. यात "बहुतेक वेळा नीट चालतंय" असं काही नसतं.

सगळं टिकलं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब. थेंब म्हणजे थेंबच, सुईच्या टोकाने लावलेला. 2014 साली रेमिंग्टनने एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या, त्या जुळणीत ट्रिगरमध्ये जादा राहिलेल्या चिकट द्रव्यामुळे. त्याने रायफल आपोआप उडू शकत होती. कारखान्यात जे झालं ते घरच्या टेबलावरही होऊ शकतं. वाळल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूवर मार्करने बारीक रेघ ओढा आणि नवं वजन कागदावर लिहून रायफलच्या पेटीत ठेवा. रेंजवर पहिल्या काही गोळ्या एकेकच भरा, नळी टार्गेटकडेच. रेघ कधी सरकलेली दिसली, किंवा रायफल कडाक्याच्या थंडीतून, धुळीतून फिरून आली, की काडतूस भरायच्या आधी सेफ्टीची आणि आपटण्याची चाचणी परत करायची.