स्केचबुकातल्या या चुका टाळा (निदान माझ्यासमोर तरी)

मागच्या जुलैत डिझाइनच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी स्केचबुक दाखवायला आली. ऐंशी पानं, सगळी भरलेली. मी वही उघडलीच नाही, नुसती कड बघितली. कड सरळसोट, पांढरी. ऐन पावसाळ्यात, पणजीत! महिनाभर पिशवीतून फिरलेली वही इथे फुगते, कोपरे मुडपतात, चहाचा एखादा डाग पडतो. म्हटलं, "दोन रात्री लागल्या का तीन?" ती कसनुशी हसली.

मला कळतं, कारण हे पाप मीही केलंय. दुसऱ्या वर्षाला बाजाराची चाळीस स्केचेस द्यायची होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो, अर्ध्या तासात मोबाईलवर साठेक फोटो काढले आणि घरी येऊन झोपलो. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळी स्केचेस फोटोंवरून उतरवली. रेषा काय सुंदर आल्या होत्या! सरांनी तीन पानं उलटली आणि चोरिसवालीवर, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या माळा विकणाऱ्या बाईवर, बोट ठेवलं. "टोपली घमेल्याएवढी आणि बाई बाहुलीएवढी का रे?" जवळून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू अशीच अंगावर येते. "चेहरा डांबरासारखा काळा का?" तिच्यामागे ऊन होतं. डोळ्याला सावलीतलंही दिसतं, मोबाईल तिथे काळं फासून मोकळा होतो. मग शेवटचा प्रश्न: "चोरिसांच्या माळेला गाठी कुठे कुठे असतात?" मी गप्प. चाळीसच्या चाळीस परत काढायला लागली, मोबाईल घरी ठेवून.

पुढच्या शुक्रवारी पहिली आठ पानं वाया गेली. माणसं हलतात, हीच सगळ्यांची तक्रार असते. पण तासभर बसल्यावर लक्षात आलं, विकणारी बाई त्याच चार-पाच हालचाली फिरून फिरून करते: वाकते, तोलते, पैसे कनवटीला लावते, माशी हाकलते. तेव्हापासून मी एकाच पानावर चार-पाच आकृत्या अर्धवट सुरू करतो. ती ज्या पोझमध्ये परत येईल, त्या आकृतीत दोन रेषा घालतो. "कितें पिंतरायता रे पुता?" (काय चितारतोयस रे बाळा?) म्हणून तिने विचारलं, तेव्हा वही दाखवली. तिने माझ्या माळेतल्या गाठी मोजल्या आणि एक कमी आहे म्हणून सांगितलं. असा शिक्षक फोटोत मिळत नाही. फोटो काढाच, पण आधी पानभर बघून काढा, मग फोटो.

दुसरी चूक कागदाची. फोटोकॉपीच्या 70–80 जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागदावर जलरंग लावायचा आणि पान पापडासारखं झालं की रडायचं. रंग लावणार असाल तर निदान 200 घ्या. पण चांगला कागद घेणारेही त्याला कपाटात कोंबून ठेवतात. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग थोडा वेळ वर तरंगतो. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी ती खळ खाते. कोरं पान बघून काही कळत नाही. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की टीपकागदासारखे गडद ठिपके उमटतात. ते पान कामातून गेलं. मी वह्या झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवतो, बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून आत टाकतो. बायको त्या डब्याला हसते. हसू दे.

शाईच्या रेषेवर रंग फिरवायचा असेल तर पिगमेंट शाई वापरा, म्हणजे वाळल्यावर पाण्याने न पसरणारी. साधी फाउंटन पेनची शाई पाणी लागताच पसरते.

'तीस वर्तुळं' हा सराव सगळ्यांना ठाऊक असतो: पानावर तीस गोल, प्रत्येकाचं काहीतरी वेगळं करायचं. पोरं सूर्य, घड्याळ, फुटबॉल, हसरा चेहरा काढून दहाव्या गोलाशी थांबतात. अरे, ते दहा सगळ्यांचे सारखेच असतात! डोकं अडतं तिथून पुढचे वीस तुमचे.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांसारखे मोठे डोळे आणि टोकदार नाकं काढू नका. मारियोंनी कलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं, पण तरुणपणी रोजनिशी चित्रांतून लिहिली, आणि तीत लोटली या त्यांच्या गावातली ओळखीची माणसं होती. उचलायचीच तर ती सवय उचला.

खोडरबर घरी ठेवा. पानावर तारीख आणि जागा लिहा.

महागडी वही घेऊन पहिलं पान खराब होईल म्हणून घाबरत असाल, तर तिसऱ्या पानापासून सुरू करा. मी अजून तेच करतो.

आणि वाईट पान फाडू नका. शिवलेल्या वहीत पानं जोडीने असतात. एक फाडलंत की त्याचं दुसरं अर्ध टाक्यातून सैल होतं आणि महिन्याभरात हातात येतं. बहुतेक वेळा त्या वहीतलं एकुलतं एक बरं चित्र त्याच्यावरच असतं.