गटावर मुलांचा आवाज यायला हवा : नव्या शिक्षकांसाठी

नव्याने शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती पहिल्या आठवड्यातच वर्गाचा व्हॉट्सअॅप गट येतो. त्यावर शिष्यवृत्ती अर्जाची मुदत, आधार अपडेटची आठवण, सुविचार, सणांच्या शुभेच्छा असं सगळं एकामागोमाग पडत असतं. त्या गर्दीत अभ्यासाचा प्रश्न टाकला तर तासाभरात तो वर सरकून दिसेनासा होतो. म्हणून सूचनांचा गट वेगळा ठेवा, त्यात फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करा आणि अभ्यासाचा गट स्वतंत्र काढा. मुख्याध्यापकांना आधी सांगा. एखाद्या सहकारी शिक्षकालाही अॅडमिन करा.

मी ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. 2020 च्या टाळेबंदीत राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मोहीम निघाली आणि आम्ही सगळेच फोनवरून शिकवू लागलो. तेव्हाचा सगळा ओघ शिक्षकाकडून मुलांकडे होता : व्हिडिओ, पीडीएफ, स्वाध्याय. शाळा भरू लागल्यावर त्याची निकड संपली, कारण शिकवायला वर्ग आहेच. मग गट कशासाठी चालवायचा? माझ्या मते एकाच गोष्टीसाठी. जे एका तासिकेत वर्गात येऊ शकत नाही, ते मुलांकडून, त्यांच्या घराअंगणातून वर्गात यावं म्हणून.

सुरुवातीलाच एक गोष्ट विचारून घ्या : घरातला फोन कुणाचा? आठवीतली बरीच मुलं व्हॉट्सअॅपच्या 13 वर्षांच्या अटीच्या उंबरठ्यावर असतात, त्यामुळे गटात नंबर पालकांचेच असू द्या. तो फोन वडिलांबरोबर शेतावर नाहीतर कंपनीत जातो आणि रात्री घरी येतो. म्हणून प्रश्न वर्गातच सांगायचा, गटावर फक्त त्याची आठवण टाकायची आणि उत्तराला दोन दिवस द्यायचे. काहींच्या घरी फोनच नसतो. ती मुलं वहीत लिहून आणतात, मी त्या पानाचा फोटो त्यांच्या नावासह गटावर टाकतो. त्यांचं उत्तर बाकीच्यांच्या शेजारी दिसलं पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यात जास्त उपयोग मला व्हॉइस नोटचा झाला. वर्गात उभं केलं की मान खाली घालणारी मुलगी घरी आईजवळ बसून अर्धा मिनिट नीट बोलते. बोलीत बोलते, ते तसंच राहू द्या. तिथे भाषा सुधारायला गेलात तर दुसऱ्या दिवशी आवाज येणार नाही. तिला विचारून ती नोट वर्गात ऐकवली की पुढच्या वेळी वर्गातही हात वर होण्याची शक्यता वाढते.

प्रश्न मात्र असा हवा की त्याचं उत्तर कुठून उतरवून घेता येणार नाही. ‘कोकणात पाऊस जास्त का पडतो?’ असं विचारलं तर सगळ्यांकडून एकच मजकूर येतो. ‘तुमच्या विहिरीचं पाणी कठड्यापासून किती हात खाली आहे? आजी लग्न होऊन आली तेव्हा याच महिन्यात किती असायचं, तिला विचारा’ असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि आजीही पाठात सामील होते.

यातला माझा सगळ्यात आवडता उपक्रम मे महिन्यातला आहे. आठवीला ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ शिकवावं लागतं आणि फळ्यावर ते कोरडं राहतं. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टच्या ढगांत हरवतो, पहिला मेमध्ये येतो, नेमकी मुलं सुट्टीत मामाच्या गावाला पांगलेली असताना. वर्ग भरवून जे जमणार नाही, ते इथे गटावर होतं. कोल्हापूरकडे गेलेल्याची सावली मेच्या पहिल्या आठवड्यात जाते, पुण्यात महिन्याच्या मध्याला, नाशिकला 20 तारखेच्या आसपास, नागपूरला 26 च्या सुमारास. मुलं सपाट जागी पाण्याची भरलेली बाटली उभी करून दर पाच मिनिटांनी सावलीचा फोटो काढतात आणि गाव, तालुका, घड्याळातली वेळ लिहून पाठवतात. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे मी प्रत्येक संदेशात पुन्हा लिहितो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मुंबईतल्या भावाची सावली साडेबारा उलटून गेल्यावर नाहीशी झाली, नागपूरच्या मैत्रिणीची मात्र सव्वाबाराच्या आतच. दोघांची घड्याळं एकच वेळ दाखवतात, मग हा फरक कसा? तिथे मी थांबतो. उत्तर त्यांनी शोधायचं. रेखांशातला सुमारे सहा अंशांचा फरक, एका अंशाला 4 मिनिटं, हा हिशेब कुणीतरी मांडतंच, आणि मग बाकीचे आपापल्या गावाचा करून पाहतात.

व्हिडिओबद्दल थोडंच सांगतो. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. त्यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकांतल्या कोडमधून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य मिळतं. जे तिथे आहे ते पुन्हा बनवण्यात वेळ घालवू नका. तुमच्या गावचा ओढा, तुमच्या शिवारातली माती यांचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करा आणि यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा, ठेवा. लिंक पुढे गेली तर तो कुणालाही दिसतो, म्हणून त्यात मुलांचे चेहरे नकोत. वर्ग चालू असताना मुलांचे रील काढून इन्स्टाग्रामवर टाकण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. कॅमेरा समोर आला की मूल शिकणं सोडून त्याच्याकडे बघू लागतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. जूनच्या पालक सभेतच ती लेखी घ्या.

विद्यार्थ्याशी खाजगीत चॅट करू नका, विशेषतः रात्री. अभ्यासाचा प्रश्न खाजगीत आला तर उत्तर गटावर द्या. पण घरच्या किंवा बाहेरच्या त्रासाबद्दल कुणी लिहिलं तर तो संदेश गटावर आणू नका आणि पुसूही नका. दुसऱ्या दिवशी मूल भेटेपर्यंत थांबण्यासारखं नसेल तर लगेच मुख्याध्यापकांना फोन करा, चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर जवळ ठेवा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

जूनमध्ये आठवीची ही मुलं नववीत जातात. त्याआधी सावल्यांच्या आणि विहिरींच्या नोंदी मोठ्या कागदावर उतरवून वर्गात लावा, मुलांना आणि पालकांना कळवून गट बंद करा, फोनमधले फोटो काढून टाका. नव्या आठवीसाठी नवा गट, नवी संमती.