वंशसमानतेचं धोरण एकटीने लिहू नका

इंग्लंडमधल्या शाळेत तुम्ही नव्याने रुजू झालात आणि स्टाफमध्ये गोरी नसलेली व्यक्ती तुम्हीच एकट्या असाल, तर कधी ना कधी हेडटीचर विचारतील, "आपलं वंशसमानतेचं धोरण जरा बघाल का?" हो म्हणा, पण घरी बसून एकटीने लिहून देऊ नका. तसं केलंत तर तो कायमचा 'तुमचा विषय' होतो.

आधी कायद्याचं थोडक्यात. १९९३ मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. तपास कसा फसला हे सांगताना १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीसदलातल्या संस्थात्मक, म्हणजे कारभारातच मुरलेल्या वर्णद्वेषावर बोट ठेवलं. त्यातून २०००चा सुधारित वंशसंबंध कायदा आला आणि इंग्लंडमधल्या शाळांना ३१ मे २००२ पर्यंत लेखी धोरण करणं भाग पडलं. आता २०१०चा समानता कायदा आहे. त्यात वेगळं वंशधोरण सक्तीचं नाही, पण सरकारी अनुदानावरच्या शाळांना दरवर्षी समानतेची माहिती आणि किमान चार वर्षांतून एकदा उद्दिष्टं जाहीर करावी लागतात. 'वंश' या शब्दाखाली रंग, राष्ट्रीयत्व आणि मूळ हे सगळं येतं. म्हणजे पोलिश मुलाला "परत जा" म्हणणंही त्यात आलं.

आमच्या शाळेत धोरणावर सगळ्या स्टाफची चर्चा इनसेट डेला, म्हणजे मुलांना सुट्टी आणि स्टाफला प्रशिक्षण असतं त्या दिवशी ठेवली. डिनर लेडीज, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मुलांना वाढणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या बायका, तासावर काम करतात, त्यामुळे अशा दिवशी त्या नसतातच. त्यांना त्या वेळेचा पगार द्या, असा मी हट्ट धरला, आणि ते झालं नसतं तर बाकीचं सगळं फुकट गेलं असतं. कारण शिक्षकांच्या मते आमच्या शाळेत वर्णद्वेषाचं असं काही घडतच नव्हतं. अशा प्रसंगांची नोंदवहीही कोरी होती. डिनर लेडीजनी मात्र जेवणाच्या रांगेत मुलं एकमेकांना काय काय बोलतात ते धडाधड सांगितलं. सांगायचं कुणाला हेच त्यांना माहीत नव्हतं. वर्गशिक्षक भेटेपर्यंत घंटा व्हायची. केअरटेकर म्हणाला, टॉयलेटच्या भिंतीवर लिहिलेलं मी सकाळीच पुसून टाकतो. कुणी पाहू नये म्हणून! हेतू चांगलाच होता. आता तो आधी फोटो काढतो.

"आपल्यात वर्णद्वेष आहे का?" असं विचारून सुरुवात करू नका. लोक एकतर गप्प बसतात, नाहीतर बचावाला उभे राहतात. आम्ही छोट्या गटांत प्रसंगांच्या चिठ्ठ्या वाटल्या: "असं ऐकलंत, पुढच्या पाच मिनिटांत काय कराल?" एकात शिक्षक नाव अवघड म्हणून मुलाला परस्पर 'सॅम' करून टाकतात. दुसऱ्यात एक भारतीय मुलगी दुसरीला 'काळी' म्हणून खेळात घेत नाही. या दुसऱ्या चिठ्ठीवर सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू दे. आपल्याकडच्या गोरेपणाच्या वेडाबद्दल मी बोलले आणि मग बाकीच्यांची तोंडं उघडली.

जातीचा मुद्दाही निघेल. आडनाव विचारून काय काढायचं असतं ते मराठी माणसाला सांगायला नको. २०१३ मध्ये संसदेने 'जात' हा शब्द समानता कायद्यात घालायचं ठरवलं होतं, पण २०१८ मध्ये सरकारने ते न्यायालयांच्या निकालांवर सोडलं. शाळेच्या धोरणात तो शब्द घालायला त्यामुळे काही आडकाठी येत नाही.

गणवेशाचे नियमही तपासा. मँडला खटल्यात १९८३ साली शीख मुलाच्या पगडीवर हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) जावं लागलं होतं, आणि आफ्रिकन केसांच्या वेण्यांवरून आजही वाद होतात.

मसुदा गव्हर्नरांकडे (शाळेच्या व्यवस्थापन मंडळाकडे) नेताना दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. नोंद कोण करणार, त्याच दिवशी कुणाला कळवणार, दोन्ही मुलांच्या पालकांशी कोण बोलणार, हे हुद्द्यांसकट लिहा. आणि दर टर्मला नोंदी वाचायची जबाबदारी हेडटीचरच्या नावावर टाका, तुमच्या नाही.