पहाटे दोनला येणारी झोप अलीकडे कशी आणायची?

मेंदूच्या मधोमध, थॅलॅमसच्या दोन भागांच्या मागे 5 ते 8 मिलिमीटरची पीनियल ग्रंथी असते. रात्री ती सेरोटोनिनपासून मेलाटोनिन बनवते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. पण माणसाच्या पीनियलला स्वतःला उजेड दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याकडून हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या, झोप-जागेची वेळ ठरवणाऱ्या घड्याळाला, तिथून मज्जारज्जूत आणि मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीतून पुन्हा वर, अशा लांबच्या वाटेने तिला खबर मिळते. त्यामुळे काही जण सांगतात तशी कपाळ चोळून ती 'जागी' होत नाही. हात घालायचा तो डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडात.

सुरुवात सकाळपासून करा. आपोआप जाग येते त्या वेळी उठून लगेच अर्धा तास उघड्यावर जा. ढगाळ आभाळाखालीही काही हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो, घरातल्या दिव्याखाली जेमतेम शे-तीनशे. खिडकीच्या आत बसून तेवढा परिणाम होत नाही. दर दोन-तीन दिवसांनी गजर अर्धा तास अलीकडे घ्या.

इथेच बहुतेकांचं चुकतं. नेहमी दहाला उठणारा माणूस पहिल्याच दिवशी पाचचा गजर लावून उजेडात जातो आणि झोप आणखी पुढे सरकते. शरीराचं तापमान नेहमी जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत खाली असतं. त्याच्या आधी पडलेला उजेड झोप आणखी उशिरा ढकलतो, नंतरचा अलीकडे आणतो.

संध्याकाळी उलट. ठरवलेल्या झोपेआधी दोन तास छतावरचे पांढरे दिवे बंद, खाली ठेवलेला पिवळसर मंद दिवा पुरे. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त ढळू देऊ नका. आठवड्याची कमाई दोन सकाळींत जाते.

मेलाटोनिनची गोळी डॉक्टरांना विचारूनच. घड्याळ सरकवायला अर्धा मिलिग्रॅमही पुरतो, पण तो सध्याच्या झोपेच्या चारेक तास आधी. ऐन झोपताना घेतली तर गुंगी येईल, वेळ फारशी सरकणार नाही. रक्त पातळ करणारी औषधं किंवा फ्लुवोक्सामिन (नैराश्यावरचं एक औषध) चालू असेल तर हे आवर्जून सांगा. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर म्हणजे रक्तदाब-हृदयाची औषधं मेलाटोनिन दाबतात, कारण पीनियलला आज्ञा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या संदेशवाहक रसायनामार्फत पेशींवरच्या बीटा ग्राहकांवरच मिळते. तरी ती आपल्या मनाने बंद करू नका. डोस सकाळी घेता येईल का, एवढं विचारा.