अर्जाचा ‘विषय’ एका ओळीत कसा बसवावा

तलाठी कार्यालय असो, वीज कंपनीचा उपविभाग असो की तालुका कृषी कार्यालय, अर्ज हातात आला की बारनिशीचा, म्हणजे आवक-जावक टपालाचा, कारकून आधी विषय बघतो. आवक नोंदवहीतला विषयाचा रकाना अरुंद असतो. तुमचा विषय तीन ओळींचा असला तर त्यातले काय गाळायचे ते कारकून ठरवतो, आणि पुढे अर्ज शोधताना त्याने लिहिलेलेच कामी येते. म्हणून काटछाट आपणच करावी.

अर्जाचा मजकूर आधी पूर्ण लिहा. विषयापुरती जागा वर सोडा.

खरी अडचण पुढे आहे. ‘विषयात सगळं आलं पाहिजे’ हा सल्ला गावोगाव मिळतो, आणि तो साफ चुकीचा आहे. रावेर-यावल पट्ट्यातला नेहमीचा नमुना बघा : ‘आमच्या शेतातील विहिरीवरील कृषिपंपास वीजपुरवठा करणारे रोहित्र जळाल्यामुळे पंधरा दिवसांपासून वीज बंद असून केळीचे पीक वाळत असल्याने तातडीने नवीन रोहित्र बसवून मिळणेबाबत नम्र विनंती’. एवढे लिहूनही गाव आणि गट नंबर नाहीच! यातले कारण, दिवस आणि नुकसान उचलून मजकुराच्या पहिल्या परिच्छेदात टाका. ‘तातडीने’ आणि ‘नम्र विनंती’ सरळ खोडा. काय हवे, कशाचे आणि कुठले, एवढेच ठेवा : ‘जळालेले रोहित्र बदलून मिळण्याबाबत – मौजे सावखेडा बु., गट नं. 112’. बोलताना डीपी किंवा ट्रान्सफॉर्मर म्हणा, कागदावर रोहित्रच लिहा. दफ्तरी तीच नोंद असते.

जागा वाचवायला खुर्द-बुद्रुक मात्र कधीही उडवू नका. नंदुरबारकडे गावापुढे ‘तर्फे हवेली’ असेल तर तेही राहू द्या. एका नावाची दोन गावे असली की तेवढ्या एका अक्षरावरून कागद भलत्या सजेत, म्हणजे दुसऱ्याच तलाठ्याच्या हद्दीत, जातो. अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयात द्यायचा असेल तर तालुकाही हवा. गट बरेच असतील तर पहिला नंबर लिहून ‘व इतर’ म्हणा, यादी आत द्या.

उलट टोकही वाईट. ‘विजेबाबत’ किंवा ‘तक्रार अर्ज’ एवढ्यावरून कागद कोणत्या टेबलावर पाठवायचा ते कुणालाच कळत नाही.

एका विषयात दोन मागण्या तर नकोतच. रोहित्राचे काम अभियंत्याकडे, वाढीव बिलाची दुरुस्ती बिलिंगकडे. दोन्ही ‘आणि’ने जोडल्या की अर्ज एकाच टेबलावर जातो आणि दुसरी मागणी तिथेच पडून राहते. दोन अर्ज करा, दोन पोच घ्या.

आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक विषयात कोंबू नका. त्याखाली ‘संदर्भ’ची वेगळी ओळ असते.

पोच घेताना शिक्का आणि क्रमांक तर बघाच, पण नोंदवहीत विषय काय उतरवला तेही वाचून घ्या. गट नंबर राहिला असेल तर खिडकीवरून हलण्याआधी लिहायला सांगा.