निवृत्तीनंतर आरोग्य विमा: सरकारी की खासगी?

आधी सरकारी योजनेची पात्रता तपासा. तिथे जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. अडचण येते ती रुग्णालयांच्या यादीची. आपलं नेहमीचं रुग्णालय त्यात आहे का, हे फोन करून विचारा.

खासगी पॉलिसीत हप्ता बघण्याआधी प्रतीक्षा कालावधी (जुन्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ), को-पेमेंट (बिलातला आपण भरायचा वाटा) आणि खोलीभाड्याची मर्यादा शोधा. शेवटची सर्वांत फसवी. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मंजूर होतो. त्यावर २० टक्के को-पेमेंट असेल, तर अशा खर्चाच्या १०० रुपयांतले जेमतेम ४० हाती पडतात!

फॉर्ममध्ये बीपी, शुगर लपवू नका. दावा तिथेच अडकतो. नोकरीतला गटविमा संपायच्या आतच नव्या विम्यासाठी अर्ज करा.