थंडीत उन्हाळी भाज्यांची रोपे: विटांची चौकट आणि वर कागद

डिसेंबर संपत आला की कलिंगड, काकडी, कारल्याची रोपे टाकायची घाई सुरू होते. नेमका तेव्हाच निफाडच्या पट्ट्यात पहाटेचा पारा कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. या पिकांच्या बियांना उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब हवी. १५ अंशांखाली बी ओल्या मातीत नुसतेच पडून राहते, मग कुजते. दोष मात्र बियाणेवाल्याला.

घरापुरत्या किंवा दहा-वीस गुंठ्यांच्या रोपांसाठी पॉलिहाऊस लागत नाही. जुन्या विटा चिखलात रचून चौकट करा, म्हणजे नंतर मोडता येते. रुंदी ४ फूट, दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतकीच. उत्तरेची भिंत दीड फूट, दक्षिणेची एक फूट ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. अशा उतारावर ऊन सरळ आत येते आणि दवही वाहून जाते. झाकणाला बांबूची चौकट आणि पॉलिहाऊसचा उरलेला पारदर्शक प्लास्टिक कागद पुरतो. काळा कागद नको, ऊन अडते.

कारल्याचे बी जाड सालीचे. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधा, मोड दिसले की ट्रेमध्ये टोका. वेलवर्गीय रोपांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून ती ट्रेमध्ये किंवा पिशवीतच हवीत. मिरची, वांगी चौकटीतल्या गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यावर, चालतात.

आता खरे काम झाकणाचे. रोपे थंडीने मरतात त्याहून जास्त बंद कागदाखाली उकडून मरतात. मी एकदा झाकण न उघडताच बाजाराला गेलो. दुपारी परतलो तर मिरचीची रोपे शिजवलेल्या पालेभाजीसारखी पडलेली. ऊन वर आले की, साधारण नऊला, झाकणाखाली वीट सरकवून फट करा. दुपारी पूर्ण उघडा. चार-साडेचारला, ऊन असतानाच बंद करा. दिवसभर तापलेल्या विटांची ऊब आत कोंडायची आहे, अंधार पडल्यावर झाकून काय कोंडणार? कडाक्याच्या रात्री वरून गोणपाट टाका, सकाळी न विसरता काढा.

पाणी सकाळीच, तेही बेताचे. कोंदट ओलीत रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळलेले बरे.

लागणीआधी आठवडाभर पाणी थोडे तोडा आणि झाकण रोज जास्त वेळ उघडे ठेवा. शेवटच्या दोन रात्री काढूनच टाका. वेलवर्गीयांची रोपे दोन खऱ्या पानांवर (बियातून निघणाऱ्या दोन दलांनंतरची पाने) आली की लावून मोकळे व्हा.